नऊ लाख तारे आणि धनेची म्हैस

माझे मामा अकराव्या गोरखा रायफल्समध्ये अधिकारी होते. लखनौच्या केंद्रात गेल्यावर त्यांना सगळ्यात आधी शिकावी लागली ती जवानांची भाषा. गोरखा पलटणीतला अधिकारी मराठी असो, पंजाबी असो की तमिळ, त्याला नेपाळी बोलता आलंच पाहिजे. नाही तर पोरं त्याच्यामागून डोंगर चढतील, पण घरचं काही सांगणार नाहीत, असं मामा म्हणतात. मी नेपाळी शिकले ती पुस्तकांतून. लिपी आपलीच, कितीतरी शब्द ओळखीचे, त्यामुळे वाचणं लवकर जमलं. बोलताना अजून अडखळते. मामांची नेपाळी कानावाटे आलेली, माझी डोळ्यांवाटे. आमचा जुना वाद त्यातूनच निघाला. भारतातला नेपाळी माणूस समजून घ्यायचा तर मामा कवी अगमसिंह गिरींचं गाणं ऐक म्हणतात, आणि मी लीलबहादुर क्षेत्रींची 'बसाइँ' ही कादंबरी वाचा म्हणते.

यंदा दिवाळीत हा वाद पहिल्यांदाच नीट, सलग झाला. दोघांनीही एकमेकांचं ऐकून घेतलं. म्हणून तो लिहून काढते आहे.

मामांनी सुरुवात केली. "१९६०च्या आसपासचं दार्जिलिंग डोळ्यांसमोर आण. चहामळ्यातली माणसं. आजा पूर्व नेपाळातून आलेला, बाप इथेच जन्मलेला, नातू इथल्या शाळेत जाणारा. ही माणसं मत देतात, फौजेत भरती होतात, सीमेवर मरतात. आणि सिलिगुडीला खाली उतरली की कोणीही विचारतं, तू नेपाळातून कधी आलास? अशा वेळी गिरी 'नौ लाख तारा उदाए' लिहितात. ऐन विशीतले अंबर गुरुंग त्याला चाल लावतात, स्वतः गातात. ते नऊ लाख तारे म्हणजे भारतभर विखुरलेले आपण, असंच ऐकणाऱ्या प्रत्येकानं समजून घेतलं. आसामातल्या गवळ्यानं, डेहराडूनच्या पेन्शनरानं, मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईनं. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं त्या गाण्यात शेजारी येऊन बसली. हे कुठल्या कादंबरीला जमलंय, सांग."

"एकत्र बसली, पण पुढे काय बोलली?" मी विचारलं. "गाणं म्हणतं, आपण सगळे दुखावलेलो. दुखावलं कोणी, हे गाणं विचारत नाही. 'बसाइँ' विचारते."

"विचारते म्हणजे काय करते?"

मग मी त्यांना धने बस्नेतची गोष्ट सांगितली. पूर्व नेपाळातल्या डोंगरात एक लहानसं घर. धने, त्याची बायको मैना, लहान मूल, आणि लग्नाची बहीण झुमा. धने आळशी नाही, दारुडा नाही. चार पैसे दुधातून मिळतील म्हणून तो गावच्या सावकाराकडून, बैदाराकडून, कर्ज घेऊन दुभती म्हैस आणतो. थोड्याच दिवसांत तिचं रेडकू मरतं. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दूध आटतं आणि व्याज चालू राहतं. पुढे तीच म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरते, त्यावरून भांडण होतं, पंच बसतात आणि निवाडा धनेच्या विरुद्ध जातो. एकेक करून हातातलं सगळं निसटतं. शेवटी बायकापोरांना घेऊन तो गाव सोडतो.

"आता यात परका कोण आहे, मामा? इंग्रज नाही, मैदानातला माणूस नाही, कलकत्त्याचा बाबू नाही. कर्ज देणारा गावचा, दंड ठोठावणारा गावचा, बघत बसणारेही गावचेच. ज्या घराची आठवण काढून गाणी रडतात, त्या घरातून या माणसाला घरच्यांनीच बाहेर काढलं आहे. ही गोष्ट सांगायला धीर लागतो. शिवाय क्षेत्रींचं वय बघा. १९३३ साली गुवाहाटीत जन्म, कादंबरी आली १९५७ साली. जेमतेम चोविशीतला माणूस."

"हेच तर मला खटकतं," मामा म्हणाले. "लेखक गुवाहाटीचा आणि गोष्ट नेपाळातल्या खेड्याची. इथल्या माणसांबद्दल, आसामातल्या नेपाळ्यांबद्दल तो त्या वेळी का लिहीत नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण 'बसाइँ'मध्ये मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट हीच आहे. क्षेत्रींच्या भोवताली आसामात नेपाळी माणसं होती ती कुरणांत गायीम्हशी राखणारी, खाणीत उतरणारी, दिग्बोईच्या तेलक्षेत्रात राबणारी, आसाम रायफल्समध्ये नोकरी करणारी. त्यांतल्या प्रत्येकाचं घराणं कधीतरी कुठल्यातरी डोंगरातून निघालेलं. ती इथे कशासाठी आली हे मालकांना ठाऊक होतं, स्वस्त मजूर आणि तयार शिपाई म्हणून. तिथून का निघाली, हे विचारायची गरज कोणालाच वाटली नव्हती. तरुण क्षेत्रींनी तो प्रश्न धरला. जगणं आसामातलं, पण त्या जगण्याचं कारण डोंगरात पडलेलं, म्हणून कादंबरी तिथे गेली. आसामही पुढे आलाच. 'ब्रह्मपुत्रका छेउछाउ' ही त्यांची कादंबरी ब्रह्मपुत्रेकाठच्या नेपाळी जीवनाची आहे, आणि तिला १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आधी निघण्याचं कारण सांगून झालं, मग पोहोचल्यानंतरचं. हा क्रम मला फार प्रामाणिक वाटतो.

मामांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक. पण 'बसाइँ' संपते कुठे? धने घराबाहेर पाऊल टाकतो तिथे. पुढे तो जातो कुठे? दार्जिलिंगच्या मळ्यात? आसामात? बर्मात? तुझी कादंबरी जिथे हात टेकते, तिथे माझं गाणं सुरू होतं. धने कुठेतरी पोहोचला. त्याला नातू झाला. त्या नातवाला ना ते गाव माहीत, ना तो बैदार. त्याला एवढंच माहीत की लोक त्याला परका म्हणतात. त्याला तू म्हशीची गोष्ट सांगणार? त्याला आधी कोणीतरी सांगायला हवं की तू एकटा नाहीस."

हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण त्या दिवशी मी तिथे थांबले नाही, कारण माझ्या मनात झुमा होती. धनेची बहीण. तिला फशी पाडतो तो कोण, तर रजेवर आलेला शिपाई. चांगले कपडे, परदेशच्या गोष्टी, खिशात पगार. गोड बोलतो, वचन देतो, आणि ती गरोदर राहिल्यावर निघून जातो. ती जीव द्यायला नदीकडे जाते. धनेचं घर कर्जानं मोडतं, तसंच या अब्रूच्या मारानंही मोडतं.

"तुमच्या गाण्यांत लाहुरे कसा येतो, मामा?" मी विचारलं. लाहुरे म्हणजे परदेशी फौजेत गेलेला जवान. "शूर, हसतमुख, आईला आठवणारा. गिरींनी तर 'युद्ध र योद्धा' हे काव्यच त्याच्यावर लिहिलं. झुमाची बाजू कुठल्या गाण्यात आहे?"

मी हे बोलले आणि लगेच वाटलं की माणूस कोण आहे ते बघून बोलायला हवं होतं. सगळी उमर त्यांनी त्याच जवानांबरोबर घालवलेली. पण मामा रागावले नाहीत. बराच वेळ ते बोलले नाहीत, आणि मग जे बोलले ते मला जसंच्या तसं द्यायचं आहे.

"रजेवरून परतलेली पोरं मी पाहिली आहेत," ते म्हणाले. "बहुतेक चांगली. घरी पैसे पाठवणारी, बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढणारी. पण तसलीही होती. कंपनीच्या कचेरीत पत्रं यायची. कोणा मुलीच्या बापाचं, कधी गावच्या मास्तरनं लिहून दिलेलं. तुमच्या अमुक जवानानं आमच्या मुलीशी असं असं केलं. आम्ही जवानाला बोलावून विचारायचो. तो खाली मान घालून उभा राहायचा. काही जण लग्न करायचे. काही म्हणायचे, साहेब, ती खोटं बोलते. आमच्याकडून पत्राला उत्तर जायचं आणि आमच्या बाजूनं विषय संपायचा. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. रात्री बराकीत मादल वाजायचं, गाणी व्हायची, गाण्यात गावाकडची पोरगी असायची, वाट बघणारी. पत्रातली पोरगी गाण्यात कधी आली नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

त्यांनी हे मान्य केलं म्हणून वाद माझ्या बाजूनं सुटला असं मुळीच नाही. पुढचा मुद्दा त्यांनी काढला तो राजकारणाचा, आणि त्यात मराठी माणसाला ओळखीचं नाव होतं.

"मोरारजी देसाई," मामा म्हणाले. "आपण त्यांना संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचे मुंबईचे मुख्यमंत्री म्हणून लक्षात ठेवलं. दार्जिलिंगच्या लोकांनी त्यांना दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवलंय. पंतप्रधान असताना त्यांच्याकडे नेपाळी भाषकांनी मागणी नेली, आमची भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात घ्या. त्यांनी ती परकीय भाषा म्हणून बाजूला सारली. ज्या भाषेत फौजेतले हजारो शिपाई रोज बोलतात, ती परकीय! तेव्हा दार्जिलिंगच्या रस्त्यावर लोक काय घेऊन उतरले? कादंबरी घेऊन नाही. मोर्चा गाण्यावर चालतो. आपल्याकडे नाही का, अमर शेखांचा डफ नसता तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इतक्या भरल्या असत्या?"

"मोर्चा गाण्यावर चालतो, पण मागणी पुस्तकांवर उभी राहते," मी म्हटलं. "दार्जिलिंगमध्ये भाषा समिती १९७२ साली स्थापन झाली. त्यांना सिद्ध काय करायचं होतं? ही इथली भाषा आहे, तिच्यात इथलं साहित्य आहे. मोरारजी येण्याआधीच साहित्य अकादमीनं नेपाळीला मान्यता दिली होती. आणि मोरारजी पंतप्रधान झाले त्याच साली, १९७७ साली, अकादमीचा नेपाळीतला पहिला पुरस्कार जाहीर झाला. कोणाला? दार्जिलिंगच्या इंद्रबहादुर राईंना. कशासाठी? नेपाळी कादंबरीवरच्या समीक्षेच्या पुस्तकासाठी. दिल्लीत पंतप्रधान ज्या भाषेला परकीय म्हणत होते, तिच्यातल्या कादंबऱ्यांचा आधार काय, यावर लिहिलेल्या पुस्तकाला दिल्लीचीच अकादमी सन्मान देत होती."

"ते पुस्तक किती जणांनी वाचलं?"

"थोड्यांनी. पण ज्यांनी निवेदनं लिहिली, संसदेत भाषणं केली, त्यांच्या हातात ते होतं."

भाषेची लढाई संपायला १९९२ साल उजाडलं. २० ऑगस्टला लोकसभेनं एकाहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि नेपाळी आठव्या परिशिष्टात आली. सिक्कीमच्या खासदार दिलकुमारी भंडारी यांनी ती मागणी संसदेत लावून धरली होती. त्याच दुरुस्तीनं कोंकणी आणि मणिपुरीही आत आल्या. गोव्यातल्या माणसाला आपल्या भाषेचा तो दिवस मोठा वाटतो, पण त्याच मतदानात दार्जिलिंग आणि गंगटोकही होते, हे आपण फारसं बोलत नाही. भारतातले नेपाळी भाषक तो दिवस अजून भाषा दिवस म्हणून पाळतात. मला वाटतं, कोंकणी लेखकांनी आणि नेपाळी लेखकांनी त्या दिवशी एकमेकांना नुसतं पत्र लिहिलं तरी चालेल. तीच लढाई, तोच निकाल.

इथपर्यंत आम्ही गाणं आणि कादंबरी यांना दोन टोकांना धरून ओढत होतो. मग मी मामांना एक प्रश्न विचारला, जो मला बरेच दिवस छळत होता. "नऊ लाख ताऱ्यांचा आवाज शेवटी गेला कुठे?"

त्यांना कळलं. अंबर गुरुंग त्या काळात पश्चिम बंगाल सरकारच्या लोकरंजन विभागात नोकरीला होते. त्या गाण्यानं वरिष्ठांची नाराजी ओढवली आणि काही वर्षांत ती नोकरी सुटली. १९६९ साली ते काठमांडूला गेले, तिथल्या शाही अकादमीत संगीताची जबाबदारी घेतली, आणि तिथेच राहिले. गिरी १९७१ साली, ऐन चाळिशीत, दार्जिलिंगमध्येच वारले. राजाची सत्ता गेल्यावर नेपाळनं २००७ साली नवं राष्ट्रगीत स्वीकारलं, त्याची चाल अंबर गुरुंग यांची. भारतातल्या नेपाळ्यांचं दुःख ज्यानं गायलं, त्यानंच नेपाळच्या राष्ट्रगीताला सूर दिला. २०१६ साली ते काठमांडूत वारले.

"तू त्यांना पळून गेलेला म्हणतेस का?" मामांचा आवाज चढला.

"नाही. पण मग 'इथला' कोण उरला, हे विचारते. चित्रकार लैनसिंह बाङ्देल दार्जिलिंगचे. त्यांनी 'मुलुक बाहिर' ही देशाबाहेर गेलेल्या माणसांची कादंबरी लिहिली आणि शेवटी काठमांडूला जाऊन अकादमीचे प्रमुख झाले. लेखिका पारिजात दार्जिलिंगच्या चहामळ्यात जन्मल्या आणि सोळा-सतरा वर्षांच्या असताना काठमांडूला गेल्या. सगळे तिकडे."

"१९५०च्या करारानं ती सीमा उघडीच ठेवली आहे, बाळ," मामा म्हणाले. "माझ्या कंपनीत निम्मी पोरं रजेला इलामला जायची, निम्मी कालिंपोंगला. एकाच गाडीतून निघायची. माणूस पोटासाठी आणि मानासाठी जातो. अंबरला इथे नोकरीत त्रास झाला, तिकडे मान मिळाला. यात गद्दारी कसली?"

गद्दारी नाहीच. पण ज्या माणसानं जायचं नाकारलं, त्याच्याकडे मला बघावंसं वाटतं. इंद्रबहादुर राई. १९२७चा जन्म, दार्जिलिंगमध्ये शिक्षक म्हणून आयुष्य काढलं, २०१८ साली वारले. ईश्वरवल्लभ आणि बैरागी काइँला यांच्यासोबत त्यांनी १९६३च्या सुमारास 'तेस्रो आयाम', म्हणजे तिसरी मिती, ही साहित्य चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, त्यांची 'आज रमिता छ' ही कादंबरी आली. तिच्यात दार्जिलिंग आहे ते पर्यटकांचं नाही, बाजारातलं. दुकानाचा हिशेब, गावातलं राजकारण, पुढारीपणाची हौस, चहामळ्यातल्या कामगारांचा लढा. १९५५ साली मार्गरेट्स होप मळ्यात संप झाला आणि पोलिसांनी गोळी चालवून कामगार मारले, ती जखम तेव्हा ताजी होती. राईंची माणसं दूरच्या देशाकडे डोळे लावून बसत नाहीत. त्यांचं भांडण इथलं, इथल्याच माणसांशी. भारतातल्या नेपाळी लेखकांना 'प्रवासी' म्हटलेलं आवडत नाही, ते का, हे ही कादंबरी वाचली की समजतं. जो जाग्यावर आहे त्याला प्रवासी कसं म्हणायचं?

"मग गिरींचं गाणं चुकीचं का?" मामांनी विचारलं. "त्यात विरहाचा सूर आहेच."

"चुकीचं नाही. पण विरहाच्या सुराला एक धोका असतो. जो सारखा 'मी दूर आहे' म्हणतो, त्याला दुसराही म्हणतो, मग परत जा."

मामा यावर काही बोलले नाहीत. मला ठाऊक आहे त्यांना काय आठवलं असेल. १९८६-८७च्या सुमारास मेघालयातून, खाणींच्या भागांतून, नेपाळी माणसांना हुसकावून लावलं गेलं. त्यांतले किती तरी पिढ्यान्‌पिढ्या इथले होते. १९९०च्या दशकात भूतानमधून एक लाखाच्या आसपास नेपाळी भाषक बाहेर पडले आणि पूर्व नेपाळातल्या छावण्यांमध्ये राहिले. पुढे त्यांतले बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत वसवले गेले. कागद दाखवूनही 'परत जा' ऐकावं लागतं, हे या समाजाला कोणा समीक्षकानं शिकवायला नको.

"पण हे बघ," मामा थोड्या वेळानं म्हणाले, "तू मघापासून गाणं आणि कादंबरी दोन माणसांची करून ठेवते आहेस. आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' पण लिहिली आणि 'माझी मैना' पण. मुंबईत आलेल्या माणसाची ताटातूट त्यांनी गायली, आणि गावात काय घडलं ते कादंबरीत सांगितलं. दार्जिलिंगला असं कोणी नाही?"

आहे, आणि तिचं नाव आमच्या बोलण्यात आधीच येऊन गेलं होतं. पारिजात. खरं नाव विष्णुकुमारी वाइबा. १९३७ साली लिंगिया चहामळ्यात जन्म, आई लहानपणीच गेली. १९५४ साली काठमांडू. ऐन तारुण्यात आजारानं अंग धरलं आणि पुढचं आयुष्य बहुतेक खोलीत गेलं. बहीण सुकन्या सोबत होती. त्या खोलीत लेखक, गायक, विद्यार्थी, कार्यकर्ते सारखे येत. रमेश, मंजुल यांच्या राल्फा या गाणाऱ्या मंडळींशी त्यांचं जवळचं नातं होतं. ही मुलं गावोगाव फिरून गात. पुढे बंद्यांना मदत करण्याच्या कामात त्या उतरल्या. १९९३ साली वारल्या.

त्यांची 'शिरीषको फूल' ही कादंबरी १९६५ साली आली आणि तिला नेपाळचा मदन पुरस्कार मिळाला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. नायक सुयोगवीर हा दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर लढून आलेला निवृत्त शिपाई. दारू पितो आणि एकटा राहतो. तिथल्या जंगलात तरुण मुलींवर केलेला अत्याचार त्याला आठवत राहतो. त्याच्यासमोर येते शकंबरी, केस कापलेली, सिगारेट ओढणारी, त्याला अजिबात न भिणारी. मी मामांना म्हटलं, "बघा, पुन्हा शिपाई. क्षेत्रींनी त्याला गावात पाहिलं, पारिजातनी त्याच्या डोक्यात शिरून पाहिलं."

"आणि कविता?"

"'लाहुरेलाई एक रोगी प्रेमिकाको पत्र'. आजारी प्रेयसीनं लाहुऱ्याला लिहिलेलं पत्र. तुमच्या कचेरीत यायची ना, तशातलं. फक्त हे बापानं नाही लिहिलेलं, मास्तरनंही नाही."

मामांनी ती कविता मला वाचायला लावली. मी अडखळत वाचली, त्यांनी मध्येच थांबवून उच्चार सुधारले, आणि मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचली. त्यांच्या तोंडून ती वेगळीच ऐकू आली. कागदावर मला ती कडक वाटायची. त्यांनी वाचली तेव्हा तिच्यात माया किती आहे ते कळलं. हे श्रेय मी कानाला देते, आणि म्हणून मामांच्या बाजूला.

पारिजातनी दार्जिलिंगच्या बालपणावर 'धुपी, सल्ला र लालीगुराँसको फेदमा' हे आठवणींचं पुस्तकही लिहिलं. काठमांडूच्या खोलीत, हालचाल जवळपास थांबलेली असताना, त्या चहामळ्याकडे परतल्या. धने डोंगरातून भारताकडे निघाला. ही भारतातल्या डोंगरातून तिकडे गेली आणि इकडे बघत राहिली. 'डायस्पोरा' हा शब्द आपण एकाच दिशेला जाणाऱ्या माणसांसाठी वापरतो. नेपाळी साहित्यात माणसं दोन्ही बाजूंनी चालताना दिसतात.

जेवणानंतर मामांनी विषय बदलला. म्हणजे मला तसं वाटलं. ते म्हणाले, "आपण दोघं मिळून काहीतरी मराठीत आणू. मी मोठ्यानं वाचतो, तू लिही. हिंदीतून नाही, इंग्रजीतून नाही, थेट."

मी लगेच 'बसाइँ' म्हटलं. आकारानं लहान कादंबरी, खेड्याची भाषा. बैदार, पंच, म्हैस, कर्ज, सगळं मराठी वाचकाला घरचं. मामांनी मान हलवली. "ती नंतर. आधी राईंची ती कथा, 'जयमाया आफूमात्र लेखापानी आइपुगी'."

मला नवल वाटलं, कारण कथा त्यांच्या वाट्याला जाणार नाही असं मी धरून चालले होते. त्यांनी ती पलटणीत ऐकली होती. १९४२ साली जपानी फौजा बर्मात शिरल्या तेव्हा तिथे वसलेले नेपाळी, पेन्शनर शिपायांची कुटुंबं, शेतकरी, गवळी, हुकावंग खोऱ्यातून पायी आसामकडे निघाले. वर पाऊस, खाली चिखल, हिवताप, भूक. वाटेत हजारो माणसं मेली. राईंच्या कथेतली जयमाया घरच्यांबरोबर निघते आणि शेवटी एकटीच आसामातल्या लेखापानीला पोहोचते. मामांच्या कंपनीतल्या एका वयस्क सुभेदाराची आई त्या वाटेनं आलेली होती. त्यानं ती कथा वाचून झाल्यावर पोरांना सांगितलं होतं की असंच झालं होतं.

"'बसाइँ' घरातून निघण्यापाशी थांबते," मामा म्हणाले. "गाणं पोहोचल्यावर सुरू होतं. मधल्या वाटेवर कोणी काय झेललं, ते या कथेत आहे. आपण दोघं इतका वेळ भांडलो आणि मधली वाट दोघांनीही सोडली."

मी होकार दिला, पण एक अट घातली. कथेत जिथे राई कोरडेपणानं, भराभर सांगत जातात, तिथे मराठीत आपण हळवं करायचं नाही. मामांनी उलटी अट घातली. माणसं एकमेकांना हाका मारतात तिथे मराठी हाकाही तोंडात बसणाऱ्याच हव्यात, पुस्तकी नकोत. बुढो बाऊला 'वृद्ध पिताजी' लिहिलंस तर मी उठून जाईन. दोन्ही अटी मान्य झाल्या. पहिली दोन पानं त्याच रात्री झाली. तिसऱ्या पानावर बाप मुलीला हाक मारतो तिथे 'छोरी'ला 'पोरी' की 'बाळे' यावर अडलं आहे.